नाताळची विनोदी साहसकथा: चोरटी सहा भावंडं की उत्तरेची वाट?

भाकरवडी
आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर ९ ते १२ वयाची आठ पोरं आहेत. नाताळच्या सुट्टीत रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्याने वाचायला एकच पुस्तक घ्यायचंय. वाचायचं इंग्रजीत, अडेल तिथे मराठीत सांगायचं. अटी दोनच: पोरं हसली पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत आली पाहिजेत.

माझं मत बार्बरा रॉबिन्सनच्या 'द बेस्ट ख्रिसमस पेजंट एव्हर'ला (१९७२). हर्डमन नावाची सहा अमेरिकन भावंडं. चोरी, मारामारी, आगी लावणं, काही वर्ज्य नाही. चर्चच्या रविवारच्या शाळेत खाऊ मिळतो असं कळतं म्हणून घुसतात आणि येशूजन्माच्या नाटकातल्या सगळ्या मोठ्या भूमिका बळकावतात. गंमत अशी की ती गोष्टच त्यांनी कधी ऐकलेली नसते. बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं म्हटल्यावर थोरली इमोजीन भडकते: बांधून घातलं? बालकल्याणवाले कुठे गेले होते? आमच्याकडच्या निम्म्या पोरांनाही ही गोष्ट माहीत नाही. म्हणजे ती थेट हर्डमनांच्या बाकावर.

उत्तरवाट
विनोदी आहे, कबूल. पण साहस कुठाय? सगळं पुस्तक तालमीच्या हॉलमध्ये! मॅट हेगचं 'अ बॉय कॉल्ड ख्रिसमस' (२०१५) घ्या. फिनलंडमधला ११ वर्षांचा निकोलस, बाप एल्फ (जादूचे बुटके) शोधायला उत्तरेला गेलेला, घरात दुष्ट आत्या कार्लोटा. पोरगा एक उंदीर खिशात घालून बर्फात निघतो. पुढे खोटं बोलताच न येणारी एक परी भेटते, तिला लोकांची डोकी फुटताना बघायची भारी हौस. दहा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं?

आणि आत्या त्याच्या सलगमच्या बाहुलीचं सूप करते, तो प्रसंग वाचून बघाच. आमच्या चिरंजीवांना सलगम दाखवायला मंडईभर हिंडलो. शेवटी नवलकोलावर भागवलं.

भाकरवडी
ती बाहुली आईची शेवटची आठवण असते, हे सांगितलं नाहीत. आई विहिरीत पडून गेलेली. पुढे बापाचंही बरं होत नाही. पहिल्या दोन दिवसांत आठ पोरांना रडवून पाठवलं तर तिसऱ्या दिवशी त्यांच्या आया येतील. एकेकट्याने वाचायला पुस्तक झकास, कट्ट्यावर नको.

उत्तरवाट
पोरं रडतात म्हणून काही बिघडत नाही हो. श्यामच्या आईवर वाढलेली जमात आपली.

वसईकर
माझं मत पेजंटला, आणि साहस नाही हे तर साफ चूक. नाताळच्या नाटकात कधी उभे राहिलात का? मी तिसरीत मेंढपाळ होतो. कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून खरी शेळी आणायची निघालं. तिने आधी गव्हाणीतलं गवत खाल्लं, मग मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, निळा पदर चघळायला घेतला. मरिया झालेली माझी चुलतबहीण. ती हात जोडून, मान खाली, ढिम्म हलेना, आणि पदर इंचाइंचाने आत चाललेला. मी दोरी ओढतोय, योसेफ दाढी धरून हसतोय, फादर पहिल्या रांगेत रुमाल तोंडावर धरून. त्या तीन मिनिटांपुढे उत्तर ध्रुव काय चीज आहे!

पुस्तकात हाच जीव टांगणीला लागतो. आता ही पोरं काय करतील, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

आजोबा_जागे_आहेत
मी पेजंट चाळलं. मुलगी चर्चच्या बाथरूममध्ये सिगार ओढते, धूर पाहून अग्निशमन दल येतं. दुसरीला धमकावून मरियेची भूमिका हिसकावते. आणि शेवटी टाळ्या तिलाच! हे वाचून दाखवायचं?

त्यापेक्षा टोलकीनची फादर ख्रिसमसची पत्रं घ्या. १९२० ते १९४३ अशी दर नाताळला त्यांनी आपल्या मुलांसाठी लिहिली, पुस्तक १९७६ चं. १९२५ च्या पत्रात उडालेली टोपी काढायला ध्रुवीय अस्वल उत्तर ध्रुवाच्या खांबावर चढतं, खांब मधोमध मोडून घराच्या छपरावर. अस्वल भोकातून थेट जेवणघरात! पुढे गॉब्लिन नावाच्या दुष्ट बुटक्यांशी लढायाही आहेत. रोज एक पत्र, बाथरूमची भानगड नाही.

भाकरवडी
आजोबा, अस्वल मलाही आवडतं. पण एका पत्राचा दुसऱ्याशी धागा बारीक, 'उद्या काय' ही ओढ लागत नाही. शिवाय निम्मी मजा चित्रांत आणि अस्वलाच्या जाड्याभरड्या अक्षरात. ती आठ जणांना एका पुस्तकातून कशी दाखवू?

सिगारबद्दल: चिंगूस मुलांच्या गोष्टी वाचून पोरं चिंगूस होत नाहीत, तसंच हे. आणि साहस म्हणाल तर फुरसुंगीच्या फास्टर फेणेला पुण्यात सायकलवर बसल्या बसल्या संकटं सापडायची.

उत्तरवाट
तो काश्मीरलाही गेला होता. सोयीपुरतं विसरू नका.

आजोबा_जागे_आहेत
'चिंगूस' उदाहरण पटलं नाही. चिंगूसपणाने कोणाचं छप्पर जळत नाही.

भाकरवडी
काल चाचणी घेतली. दोन्ही पुस्तकांची पहिली दहा मिनिटं वाचली, हात वर करायला लावले. निकोलसला पाच, हर्डमनांना तीन. तोंडात मारल्यासारखं झालं. तरी हट्टाने म्हटलं, शेवटचा एक तुकडा ऐका आणि मग ठरवा.

बाळ येशूला भेटी द्यायला आलेले तीन मागी राजे सोनं, ऊद आणि गंधरस आणायच्या ऐवजी हॅम (डुकराचं मांस) घेऊन येतात, ते वाचलं. चर्चने गरिबांना दिलेल्या टोपलीतलं, त्यांच्या स्वतःच्या घरचं. हॅम म्हणजे काय यावर शाकाहारी मंडळींत पाच मिनिटं गोंधळ. हसून झालं. मग साडेनऊ वर्षांची एक पोरगी म्हणाली, "पण मग ते घरी जाऊन काय जेवले?"

कोणी उत्तर दिलं नाही. हात परत वर करायला मी सांगितलं नाही, आज पेजंट पहिल्यापासून सुरू करतेय.

वसईकर
शेळी पाहिजे असेल तर सांगा.

उत्तरवाट
मतदान ५-३, तरी निकाल उलटा. वर आधी शेवट वाचून दाखवलात! विनोद मान्य, साहस अजून अमान्य. माझं पुस्तक कपाटात राहणार असेल तर त्या पाचांपैकी कोणी घरी नेतंय का ते विचारा.

भाकरवडी
नेलं. तिनेच.