मदत हवी आहे: ९.५ मिलियन उरलेत, एक डिफेंडर आणि एक मिडफिल्डर घ्यायचाय (फँटसी प्रीमियर लीग)

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. आमच्या जुन्या वाड्यातली आम्ही नऊ मुलं आता पांगलोय. एक लेस्टरला, तिघं पुण्यात, दोघं सुरतेला, तिघं इथेच. वाडा पाडून इमारत झाली, पण आम्हा नऊ जणांची फँटसी लीग पाच वर्षं चालू आहे: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू खेळातल्या १०० मिलियनमध्ये निवडून १५ जणांचा संघ करायचा, ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. पैसे कोणी लावत नाही. मे महिन्यात सगळे घरी आले की पहिल्या आलेल्याला बाकीच्यांनी सेव-उसळ खाऊ घालायची. त्या एका संध्याकाळसाठी आम्ही वर्षभर एकमेकांशी बोलत राहतो, म्हणून मला ही लीग फार जवळची आहे आणि यंदा ती जिंकायची आहे.

वाइल्डकार्ड (पॉइंट न कापता सगळा संघ बदलायची मुभा) टाकलंय. १५ पैकी १३ ठरले, ९.५ मिलियन शिल्लक. ४.५ चा डिफेंडर (बचावपटू) आणि ५.० चा मिडफिल्डर (मधल्या फळीतला) घेऊ, की ४.० चा डिफेंडर बेंचवर, म्हणजे राखीव, ठेवून ५.५ चा मिडफिल्डर घेऊ?

खरं तर प्रश्न याहून मोठा आहे. २०२४-२५ मध्ये मी एकाच प्रकारच्या निर्णयात दोनदा चुकलो. एका स्वस्त फॉरवर्डने एका सामन्यात दोन गोल केले. जादा बदलासाठी चार पॉइंट कापून घेऊन मी त्याला आणलं, आणि पुढचे तीन आठवडे तो त्याच्या क्लबच्या बेंचवर बसला. त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ख्रिस वूड ६.० ला होता. तो गोल करायला लागला तेव्हा मी म्हटलं, हाही चार दिवसांचा. त्याने २० गोल केले. दोघं दिसायला सारखेच होते. मग खरा स्वस्त कोण आणि नुसता चमकून गेलेला कोण, हे आधी कसं ओळखायचं?

आणखी एक अडचण. मकरपुऱ्याला माझी पहिली पाळी असते आणि आत मोबाइल नेता येत नाही. शनिवारचा पहिला सामना तिकडे इंग्लंडात साडेबाराला असला की आपल्याकडे संघ बदलायची डेडलाइन दुपारी साडेतीनला येते, ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचारला. त्यामुळे मला शुक्रवारी रात्रीच ठरवावं लागतं.

सुरसागरकाठी:
दादा, शुक्रवारी ठरवल्याने तुमचं फार बिघडत नाही. सामन्याच्या अकरा जणांची यादी डेडलाइननंतरच बाहेर येते, घरी बसलेल्यांनाही ती आधी दिसत नाही. शुक्रवारपर्यंत कोचांच्या बहुतेक पत्रकार परिषदा झालेल्या असतात, दुखापतींचं तेव्हा कळतं.

वूडचं म्हणाल तर त्याने आदल्या हंगामातही १४ गोल केले होते. संघाचा मुख्य स्ट्रायकर तोच आणि पेनल्टीही त्याच्याकडे. तुमच्या त्या फॉरवर्डच्या जागेवर कोणाचा हक्क होता, ते पाहिलं होतंत का? मुख्य स्ट्रायकर दुखापतीतून परत आला की असे बेंचवरच जातात. गोल बघायच्या आधी मिनिटं बघा. सलग पाच-सहा सामने ६० मिनिटांच्या वर खेळतोय का? ६० मिनिटांना २ पॉइंट, त्याखाली १.

रावपुरा_लेफ्टबॅक:
सहमत, पण मिनिटं सगळ्यांनाच दिसतात. किंमत चुकते ती भूमिका बदलते तेव्हा. किंमत हंगामाच्या सुरुवातीला ठरते आणि नंतर खरेदी-विक्रीप्रमाणे ०.१ ने सरकते. खेळाडूचं काम मात्र एका आठवड्यात बदलू शकतं. २०१९-२० चा शेफील्ड युनायटेडचा लंडस्ट्रम आठवा. खेळात डिफेंडर म्हणून ४.० ला नोंदवलेला, मैदानावर मिडफिल्डर. गोल केला की डिफेंडरचे ६ पॉइंट, संघाने गोल खाल्ला नाही की वर ४. कोल पामर २०२३-२४ मध्ये ५.० ला होता. १ सप्टेंबरला मँचेस्टर सिटीतून चेल्सीत गेला, पेनल्टी त्याच्याकडे आल्या, लीगमध्ये २२ गोल. तेव्हा रोज रात्री एवढंच वाचा: कोणाचा क्लब बदलला, कोणाची जागा बदलली, पेनल्टी आणि कॉर्नर कोण घेतंय.

सुरसागरकाठी:
हे मान्य. फक्त किंमत वाढतेय म्हणून धावत जाऊ नका. ५.० चा ५.२ झाला तरी विकताना ५.१ च मिळतात.

मांजलपूरची_ताई:
मूळ प्रश्नाकडे येते. २०२५-२६ पासून बचावाचे पॉइंट आले, त्यामुळे तुमचं गणित बदलतं. डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स (चेंडू दूर मारणं), ब्लॉक (फटका अडवणं), इंटरसेप्शन (पास मधेच तोडणं) आणि टॅकल (पायातून चेंडू काढणं) मिळून १० केले की २ पॉइंट. मिडफिल्डरला १२ लागतात, पण त्याचे सुटलेले चेंडू परत मिळवणंही त्यात धरतात.

आता बघा. ४.५ चा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) पूर्ण सामना खेळला, संघ ०-१ ने हरला, तरी मिनिटांचे २ आणि बचावाचे २ मिळून ४ पॉइंट. संघाने गोल खाल्ला नाही तर ८. खालच्या क्रमांकाच्या संघांवर चेंडू सतत येऊन आदळतो, म्हणून त्यांच्या सेंटर-बॅकचे १० लवकर भरतात. दोन गोल खाल्ले की एक पॉइंट जातो, तेवढं धरून चाला. फुलबॅक (कडेचे बचावपटू) घेऊ नका, क्लिअरन्स मधल्यांच्या वाट्याला जास्त येतात.

मी असते तर ४.५ आणि ५.० घेतले असते. ४.० चा जो खेळतच नाही तो स्वस्त नव्हे, ती जागा वाया गेली. मात्र खालच्या लीगमधून नव्याने वर आलेल्या संघाचा ४.० चा सेंटर-बॅक रोज खेळत असेल, तर तो आधी घ्या आणि ०.५ मिडफिल्डरवर घाला.

दांडियाबाजार९ (मूळ प्रश्नकर्ता):
ताई, मनापासून आभार. ४.० चा डिफेंडर खेळूही शकतो हे मी धरलंच नव्हतं. रावपुरावाल्या दादांच्या सांगण्यावरून एक गोष्ट कळली. २०२५-२६ च्या सुरुवातीला सलाह १४.५ आणि हालंड १४.० असे दोघं घेतले, तर १०० पैकी उरलेल्या १३ जणांना ७१.५ राहत होते, म्हणजे माणशी ५.५. आमच्या लीगमध्ये आम्ही नऊही जण त्या महागड्या दोघांवरच वाद घालत बसायचो.

आज रात्री वर आलेल्या तिन्ही संघांच्या सेंटर-बॅकांची गेल्या सहा सामन्यांतली मिनिटं वहीत उतरवतो. एकच विचारायचं राहिलं. दोघांची मिनिटं सारखी निघाली, तर पुढचे सामने सोपे असलेला घ्यायचा की अवघड असलेला? गोल न खाण्याचे ४ सोप्या सामन्यात मिळतील, पण बचावाचे २ अवघड सामन्यातच भरतील ना?

मांजलपूरची_ताई:
सोपे सामने घ्या. ४ हे २ पेक्षा जास्त. आणि सेंटर-बॅक कॉर्नरला पुढे जातो का तेही वहीत लिहा, डोक्याने एक गोल केला तर ६.