‘आर्थिक सुधारणा’ की खर्चकपात? १७८२ च्या ब्रिटिश कायद्यांविषयी शंका

प्रश्न विचारणारा: सातरस्ता_अभ्यासिका

नमस्कार. मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. वैकल्पिक विषय इतिहास आहे. गेल्या आठवड्यातील सराव परीक्षेत ‘१७८० ते १७८५ या काळातील ब्रिटनमधील आर्थिक सुधारणांचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न आला होता. अमेरिकेच्या युद्धामुळे वाढलेले कर्ज आणि धाकट्या पिटने १७८४ मध्ये चहावरील जवळजवळ १२० टक्के कर साडेबारा टक्क्यांवर कसा आणला, हे मी दोन पाने भरून लिहिले. तपासणाऱ्या सरांनी लाल शाईने एवढाच शेरा मारला: ‘विषयांतर. बर्क कुठे आहे?’

माझ्या शंका दोन आहेत. येथे ‘आर्थिक सुधारणा’ म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे? आणि १७८२ मध्ये असे तीन कायदे एका पाठोपाठ संमत झाले असताना, पंतप्रधान असलेल्या पिटला १७८५ मध्ये मतदारसंघांच्या फेररचनेचा प्रस्ताव का संमत करून घेता आला नाही?

उत्तर: जुना_फळा

आपल्या सरांचा शेरा योग्य आहे, पण दोष आपला नसून भाषांतराचा आहे. मूळ इंग्रजी ‘इकॉनॉमिकल’ या शब्दाचा अर्थ ‘अर्थव्यवस्थेविषयीचा’ असा नसून ‘काटकसरीचा’ असा आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत तो ‘आर्थिक’ झाला आणि विद्यार्थी चहाच्या करामागे लागले. मी महाविद्यालयात शिकवत असताना ‘खर्चकपातीची चळवळ’ असेच सांगत असे.

तीही नुसती पैसा वाचवण्याची चळवळ नव्हती. राजा तिसऱ्या जॉर्जच्या हाती दरबारातल्या आणि खात्यांतल्या असंख्य पगारी जागा, निवृत्तिवेतने आणि लष्करी पुरवठ्याचे ठेके होते, आणि त्यांच्या बळावर तो कॉमन्स या संसदेच्या खालच्या सभागृहातील मते आपल्या मंत्र्यांकडे वळवीत असे. युद्ध हरत चालले तरी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचे मंत्रिमंडळ टिकते कसे, या प्रश्नाला विरोधकांचे उत्तर हेच होते. म्हणून ६ एप्रिल १७८० रोजी विरोधी सभासद डनिंगने मांडलेला, राजसत्तेचा प्रभाव वाढला आहे, वाढत आहे आणि तो कमी केला पाहिजे, असा ठराव २३३ विरुद्ध २१५ मतांनी संमत झाला, ही मोठीच घटना होती.

त्याआधी दोन महिने, ११ फेब्रुवारीच्या भाषणात, विरोधी पक्षाचा सभासद एडमंड बर्कने या दुखण्याचे चित्र राजाच्या मुदपाकखान्यातून उभे केले. पूर्वी राजवाड्याचा कारभारी लॉर्ड टॅल्बटने राजवाड्याच्या खर्चाला कात्री लावण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला, कारण शेगडीवर मांसाची सळई फिरवणाऱ्याच्या पदावर जो होता तो संसदेचा सभासद होता! काम अर्थातच दुसराच कोणी करी. खर्चकपातीचा आणि मताचा संबंध मला वर्गात याहून सोप्या रीतीने कधी समजावता आला नाही.

मार्च १७८२ मध्ये नॉर्थ गेला, विरोधकांचा रॉकिंगहॅम पंतप्रधान झाला आणि कायदे झाले. क्लर्कच्या कायद्याने सरकारी ठेकेदारांना कॉमन्समध्ये बसण्यास मनाई झाली. क्रूच्या कायद्याने जकात, अबकारी व टपाल खात्यांतील नोकरांचा मताधिकार काढून घेतला; सत्तर मतदारसंघांचा निकाल मुख्यतः या नोकरांच्या मतांवर ठरतो, असे खुद्द रॉकिंगहॅमने सांगितले होते. बर्कच्या स्वतःच्या कायद्याने १३४ पदे रद्द झाली, त्यांत व्यापार मंडळ आणि वसाहतींचे स्वतंत्र मंत्रिपदही होते. वर्षाला वाचणार होते सुमारे ७२ हजार पौंड. राष्ट्रीय कर्ज २० कोटी पौंडांच्या पुढे गेले असताना ही बचत म्हणजे दर्यामे खसखस. हेतू बचतीचा नव्हता हे त्यावरूनच कळते.

(जाता जाता: आपण बर्कला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यामुळे ओळखतो. परंतु १७८१ मध्ये रघुनाथरावांचे वकील हणमंतराव लंडनला गेले आणि तेथे सोवळ्याओवळ्याची पंचाईत झाली, तेव्हा बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि स्वयंपाक व पूजाअर्चेसाठी बागेतील काचेचे रोपघर मोकळे करून दिले. तेव्हा ‘बर्क कुठे आहे?’ याचे एक उत्तर आपल्या पेशवाईच्या इतिहासातही सापडते.)

उत्तर: निवृत्त_अव्वल_कारकून

प्राध्यापक महोदयांनी पहिल्या शंकेचे पूर्ण निरसन केले आहे. दुसरीविषयी महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नजरेतून लिहितो.

आपल्याकडे वतन ही जशी चाकरी होती तशीच मिळकतही होती. ती वारसाने येत असे, भावाभावांत वाटली जात असे, आणि प्रत्यक्ष काम अनेकदा मुतालिक किंवा गुमास्ता करीत असे. आमच्या घरी कुलकर्णी वतनाचे मोडीतले कागद लाल फडक्यात बांधलेले होते. वतन १९५० च्या कायद्याने गेले, तरी माझे आजोबा ते रुमाल दर दिवाळीला उन्हात घालीत आणि मोजून परत बांधून ठेवीत. चाकरी गेल्याचे त्यांना सुतक नव्हते, ‘मिळकत’ गेल्याचे होते.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सरकारी पदाकडे पाहण्याची दृष्टी अगदी हीच होती. १७८५ मध्येच पिटने हिशेब तपासणीची दोन जुनी पदे रद्द करून नवे लेखापरीक्षण मंडळ नेमले. त्या पदांवरचे दोघे उमराव काम मुतालिकांकडून करून घेत, तरीही पद गेले म्हणून प्रत्येकाला वर्षाला सात हजार पौंड भरपाई द्यावी लागली.

आता हीच दृष्टी मतदारसंघांना लावून पाहा. ओल्ड सॅरम ही माणसांवाचूनची टेकडी, पण तेथून दोन सभासद निवडून येत. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या वाढत्या शहरांना स्वतःचा एकही नव्हता. ज्याची जमीन त्याची जागा, आणि ती विकताही येत असे. १८ एप्रिल १७८५ च्या पिटच्या प्रस्तावात असे ३६ मतदारसंघ त्यांच्या संमतीने रद्द करून ७२ जागा परगण्यांना आणि लंडनला द्यायच्या होत्या, आणि त्याकरिता दहा लाख पौंडांचा निधी ठेवायचा होता. म्हणजे पंतप्रधानानेच मतदारसंघ ही मिळकत असल्याचे मान्य केले, आणि विरोधी नेता फॉक्ससारख्या सुधारणेच्या समर्थकालाही ही खरेदी खटकली. १७८२ मध्ये राजाच्या पंगतीतली पाने उचलली, तेव्हा सभासदांचे फारसे बिघडले नाही. १७८५ मध्ये त्यांचे स्वतःचे पान उचलायचे होते. प्रस्ताव २४८ विरुद्ध १७४ मतांनी पडला. आणि गंमत अशी की खुद्द पिट १७८१ मध्ये संसदेत शिरला तो सर जेम्स लोदरच्या खिशातल्या ॲपलबी मतदारसंघातून.

उत्तर: पार्क_चौक

काकांचा वतनाचा दाखला चपखल आहे, परंतु १७८२ चे कायदे सफल झाले हे गृहीतक मला मान्य नाही. पुढच्याच वर्षी, जुना प्रतिस्पर्धी नॉर्थ याच्याशी युती करून सत्तेत आलेल्या फॉक्सचे हिंदुस्थानविषयक विधेयक कॉमन्समध्ये २०८ विरुद्ध १०२ अशा प्रचंड मताधिक्याने संमत झाले, आणि त्याला मत देणारा आपला शत्रू, असे राजाने लॉर्ड टेंपलकरवी उमरावांना कळवताच वरच्या सभागृहात ते पडले. १३४ पदे रद्द होऊनही राजाचा प्रभाव असा शाबूत होता. त्या विधेयकावरील मोठा आक्षेपही पाहा: ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर जे सात आयुक्त नेमायचे होते ते फॉक्स आणि नॉर्थच्या गोटातले असल्याने हिंदुस्थानातील नेमणुकांचा सारा मलिदा त्या गोटाला मिळणार होता. ज्यांनी राजाच्या हातून नेमणुका काढल्या त्यांच्यावरच हा आरोप आला. पिट पंतप्रधान झाला तो या पेचातून, राजाच्या पाठिंब्याने, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

माझ्या मते बिनकामाच्या पदांना खरी गळती लावली ती पिटच्या संथ पद्धतीने: धारक वारला की जागा भरायची नाही. त्यात भाषण नाही, ठराव नाही, म्हणून परीक्षेतही येत नाही. मात्र त्याच पिटने उमरावपदांची खैरात केली, हेही विसरू नये.

राहिला क्लर्कचा कायदा. आपल्या महानगरपालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे तो नगरसेवकपदास अपात्र ठरतो, ते याच तत्त्वावर.

प्रश्न विचारणारा: सातरस्ता_अभ्यासिका

तिघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तराची सुरुवात मी आता अशी करणार आहे: ‘१७८० ते १७८५ या काळातील ब्रिटनमधील आर्थिक सुधारणांचा रोख तिजोरीवर नसून, राजाच्या हातातील नेमणुका व ठेके यांच्याद्वारे संसदेवर पडणाऱ्या प्रभावावर होता, मतदारसंघांची मालकी मात्र तिने अबाधित ठेवली.’ पुढे सळईवाला, नंतर सत्तर मतदारसंघ, नंतर ॲपलबी. १७८३ चा प्रसंग घालावा की शब्दमर्यादेमुळे सोडावा?

उत्तर: जुना_फळा

अवश्य घाला. गुण तेथेच मिळतील, कारण कायदा होऊनही काय उरले ते त्या प्रसंगात दिसते. जागा हवी असेल तर ॲपलबी एका वाक्यात आटपा. आणि पहिल्या वाक्यातले ‘आर्थिक सुधारणांचा’ खोडून ‘खर्चकपातीच्या चळवळीचा’ करा. आपण स्वतःही ‘तिने’ असे पुढे लिहून गेला आहात, म्हणजे मनात चळवळच होती.