परक्या देशात स्वतःचं घर : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

विश्रामबाग, सांगली (धागा सुरू करते आहे)

मुलगा-सून मेलबर्नला असतात. भाड्याच्या घराला दोघंही कंटाळलेत, आता तिकडंच घर घ्यायचं म्हणतात. ह्यांच्या फंडातले थोडे पैसे त्यांना द्यावेत असं आमच्या मनात आहे. आपल्याकडं घर घ्यायचं तर उतारा काढतो, सर्च रिपोर्ट घेतो, ओळखीचा वकील गाठतो. तिथं ओळख कुणाची नाही आणि कायदा वेगळा. म्हणून परदेशात प्रत्यक्ष घर घेतलेल्या सातारा-सांगलीकरांना विनंती : मालकी कुठल्या कागदावर ठरली, पैसे कसे गेले आणि परदेशी म्हणून काय अडलं, एवढं तरी लिहाच. देश कुठलाही चालेल. एजंटांच्या जाहिराती नकोत.

कवठेमहांकाळ, सध्या मेलबर्न

काकू, आधी एवढंच विचारा की त्यांचा व्हिसा कायमचा आहे का तात्पुरता. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असेल तर परदेशी गुंतवणुकीची परवानगी लागत नाही. तात्पुरता असेल तर 1 एप्रिल 2025 पासून जुनं, वापरातलं घर घ्यायला बंदी आहे. जाहीर झालेली मुदत 31 मार्च 2027. नवीन बांधकाम घेता येतं, पण परवानगी काढावी लागते, तिची फी भरावी लागते आणि व्हिक्टोरिया राज्यात नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय 8 टक्के जादा. आम्ही पीआर येईपर्यंत भाड्यानंच राहिलो.

इथं बरीच घरं लिलावात विकली जातात, तेही घरासमोर रस्त्यावर उभं राहून. एरवी सही केल्यावर विचार बदलायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. लिलावात ती सवलत नाही. म्हणून विक्रेत्याचं 'सेक्शन 32' निवेदन, म्हणजे घराची कायदेशीर माहिती देणारा कागद, वकिलाकडून वाचून घ्यायचं आणि इमारतीची तपासणी करून घ्यायची, हे दोन्ही लिलावाच्या आधी. जाताना मनात एक आकडा पक्का ठरवून जायला सांगा.

वाई, सध्या स्टुटगार्ट

जर्मनीत परदेशी माणसाला घर घ्यायला बंदी नाही, जादा करही नाही. पण नोटरीशिवाय व्यवहार होतच नाही. आपल्याकडचा शिक्का मारणारा नोटरी डोळ्यांपुढं आणू नका. हा कायद्याचा मोठा अधिकारी असतो, विकणारा आणि घेणारा दोघांचाही, कुणाच्याच बाजूचा नाही. सहीच्या दिवशी तो अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि ते कायद्यानंच बंधनकारक आहे. घेणाऱ्याला जर्मन पुरेसं कळत नसेल तर दुभाषी बसवावा लागतो. बायकोसाठी आम्ही दुभाषी घेतला आणि त्या खर्चाचं मला जराही वाईट वाटलं नाही, कारण तिनं वाटेत थांबवून विचारलेल्या प्रश्नांवरनं गॅरेजचा मजकूर दुरुस्त झाला.

मालकी ठरते ती ग्रुंडबुखात, म्हणजे कोर्टाकडच्या जमीन नोंदवहीत. तिचे तीन भाग : पहिल्यात मालक, दुसऱ्यात वहिवाट वगैरे बोजे, तिसऱ्यात बँकेचं तारण. माझे वडील तलाठी होते. दुसरा भाग बघून ते लगेच म्हणाले, "हा आपल्या सातबाऱ्यातला इतर हक्काचा रकाना." त्यांना सगळ्यात आवडली ती पूर्वनोंद. करार झाला की घेणाऱ्याच्या नावानं नोंदवहीत आधीच एक नोंद पडते, त्यामुळं मधल्या काळात तेच घर दुसऱ्याला विकून आपल्याला फसवता येत नाही. ती पडल्यावरच नोटरी पैसे भरायचं पत्र पाठवतो. शेवटची मालकीची नोंद मात्र कर भरल्याचा दाखला आल्यावर. इथं आमच्या राज्यात तो खरेदी कर 5 टक्के आहे, बायर्न (बव्हेरिया) राज्यात 3.5, काही राज्यांत 6.5. त्यावर नोटरी आणि एजंट. वरचा हा सगळा खर्च बँका सहसा कर्जात धरत नाहीत, खिशातनंच जातो.

सांगलीवाडी, सध्या वूस्टर, इंग्लंड

मी नर्स आहे. घर बघताना मी खोल्यांच्या आधी पाणी बघितलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि ऑगस्ट 2019 ला कृष्णा 57 फुटांच्या पुढं गेली होती. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. वूस्टर सेव्हर्न नदीच्या काठावर आहे आणि ही नदीही दरवर्षीची पाहुणी. एजंट नदीकाठच्या घराचं कौतुक करत होता, नवरा भुलला होता. मी सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पुराचा धोका बघितला आणि ते घर सोडून दिलं.

एक गोष्ट तिथल्या लोकांनाही पटकन माहीत नसते. पूरप्रवण घरांचा विमा परवडावा म्हणून 2016 पासून 'फ्लड री' ही योजना आहे, पण 1 जानेवारी 2009 पासून पुढं बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत. म्हणजे नदीकाठचं नवं कोरं घर विम्याच्या बाबतीत जुन्यापेक्षा अडचणीचं ठरू शकतं. विम्याचा आकडा आधी मागवा, मगच किंमत बोला.

पैशांचं सांगते. थोडी रक्कम सासऱ्यांनी तासगावहून दिली. वकिलानं विचारलं, हे पैसे त्यांच्याकडं आले कुठून? राग मानू नका, मनी लाँडरिंगच्या कायद्यामुळं सगळ्यांनाच विचारतात. बँकेचे उतारे दिले, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या दिल्या, सातबारा दिला, आणि सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. शिवाय ही भेट आहे, कर्ज नाही आणि घरात आपला हिस्सा नाही, असं सासऱ्यांच्या सहीचं पत्र. हे कागद घर बघायला लागल्यापासूनच जमवायला घ्या. इंग्लंडमध्ये सह्या केलेल्या कराराची दोन्ही बाजूंत देवाणघेवाण होईपर्यंत विकणारा मोकळा असतो. तुमचे कागद रखडले तर तो जास्त देणाऱ्याकडं जातो. देशात येऊन फार दिवस झाले नसतील तर आणखी एक बघा : खरेदीच्या आधीच्या वर्षभरात 183 दिवस तिथं राहणं झालं नसेल तर 2 टक्के जादा मुद्रांक कर लागतो.

सांगली, सीए

विश्रामबागच्या ताईंसाठी. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. तुमची मर्यादा वेगळी, यजमानांची वेगळी. वर्षात 10 लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो, म्हणून तेवढी रक्कम हाताशी ठेवा. अशा पाठवणीसाठी इथल्या बँकेचं कर्ज काढता येत नाही.

मुलाला दिलेल्या भेटीवर इथं कर नाही. पैसे सुनेच्या नावानं दिले आणि त्यातून पुढं उत्पन्न आलं, तर ते तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणून मुलाच्या खात्यावर पाठवा. आणि प्रेमापोटी मुलं आईवडिलांचं नाव घरावर लावतात, त्याचा दोनदा विचार करा. तुम्ही इथले रहिवासी, मग ती तुमची परदेशी मालमत्ता झाली. उत्पन्न शून्य असलं तरी ती विवरणपत्रात दाखवावी लागते. नाही दाखवली तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड आहे.

पाटण तालुका, सध्या योकोहामा

आमच्या घरात कोयनेच्या भूकंपाची, 11 डिसेंबर 1967 ची पहाट अजून बोलण्यात येते. त्यामुळं जपानमध्ये घर बघताना माझा पहिला प्रश्न होता, बांधकामाला मंजुरी कधीची? 1 जून 1981 पासून तिथं भूकंपाचे नियम कडक झाले. त्याच्या आधीचं घर स्वस्त मिळालं तरी मी घेतलं नसतं. परदेशी माणसाला घर-जमीन दोन्ही घेता येतं. अडतं ते कर्ज, कारण बऱ्याच बँका कायम वास्तव्याचा परवाना मागतात. लाकडी घराची किंमत झपाट्यानं उतरते, टिकते ती जमिनीची.

सातारा, सध्या टोरांटोजवळ

कॅनडानं 1 जानेवारी 2023 पासून परदेशी लोकांना घरखरेदी बंद केली, मुदत पुढं 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. वर्क परमिटवाल्यांना मार्च 2023 मध्ये अटींसह सूट मिळाली, ती ऐकून आम्ही हरखलो होतो. पण ऑन्टारिओ प्रांताचा परदेशी खरेदीदाराचा 25 टक्के कर वेगळाच, तो या सवलतीनं टळत नव्हता. देशाचा आणि प्रांताचा नियम दोन्ही तपासा. पीआर आल्यावर घेतलं.

विटा

आमचे आजोबा सोनं-चांदी गाळायच्या कामाला दक्षिणेत गेले, चुलतभाऊ त्याच धंद्यात दुबईला. मी इथंच राहून तिथं फ्लॅट घेतला. दुबईत परदेशी माणसाला पूर्ण मालकी ठरवून दिलेल्या भागांतच मिळते, म्हणून पत्ता आधी बघायचा. नोंदणी दुबई लँड डिपार्टमेंटकडं, शुल्क 4 टक्के, मालकीचा दाखला तेच देतात. एजंट म्हणत होता, टोकन क्रेडिट कार्डानं भरा. आमच्या सीएंनी साफ नको म्हणून सांगितलं; पैसे बँकेतनं एलआरएसनंच गेले, माझ्या आणि बायकोच्या खात्यातनं, आणि नावंही दोघांची.

वारसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्या माघारी कुणाला मिळावं याचं मृत्युपत्र बिगरमुस्लिमांना डीआयएफसी, म्हणजे दुबईच्या आर्थिक केंद्राच्या, कोर्टाकडं नोंदवता येतं. आम्ही ते लगेच केलं. दुबईत भाड्यावर आयकर नाही, पण आम्ही इथले रहिवासी, त्यामुळं ते भाडं इथं दाखवून कर भरतो.