जोगतीण नायिकेची ‘चिंता’ प्रबंधात मांडायची कशी?

घटप्रभा
एम.ए. मराठीच्या लघुप्रबंधाला सौंदत्ती-निपाणी पट्ट्यातल्या जोगतिणीवरची, म्हणजे यल्लमा देवीला सोडलेल्या (वाहिलेल्या) बाईवरची कादंबरी घेतलीय. फ्रॉइडचे चिंतेचे तीन प्रकार (वास्तव म्हणजे खऱ्या धोक्याची, मज्जाविकृत म्हणजे आतल्या वासना अनावर होतील याची, नैतिक म्हणजे अपराधाच्या टोचणीची) लावून पहिलं प्रकरण लिहिलं. गाईड म्हणतात, “हे कुठल्याही बाईला लागू पडेल, यात जोगतीण कुठाय?” शिवाय एकेक प्रसंग दोन-दोन प्रकारांत बसतोय. चुकतंय कुठं? आणि तिच्या अंगात येतं, त्याला हिस्टेरिया म्हणावं का?

निपाणीकर
ताई, प्रकार बरोबर आहेत, क्रम उलटा झालाय. आधी खरा धोका बाजूला काढा. घरमालक, गिऱ्हाईक, पोलीस, उपास यांना ती घाबरते ती भीती. तिला कारण आहे आणि ते पानावर छापलेलं आहे. त्यासाठी कथानकाचा काळ पक्का करा. मुली देवदासी म्हणून देवाला सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ चा कायदा होता, कर्नाटकाचा बंदी कायदा १९८२ चा. प्रसंग १९८२ च्या आधीचा की नंतरचा, यावर पोलिसाच्या भीतीचं वजन बदलतं.

मग वहीत चार रकाने आखा: पान, कशानं सुरू झालं, अंगावर काय दिसलं (घशाला कोरड, हात थरथरणं, झोप उडणं), तिनं काय केलं. फ्रॉइडचा रकाना सगळ्यात शेवटी, दुसऱ्या वाचनात, वेगळ्या पेन्सिलनं. आधी भरलात की प्रसंग त्याच्या मापानं कापले जातात. निवेदक म्हणतो ‘ती अस्वस्थ झाली’, तिथं खूण करा पण मोजू नका. ते निवेदकाचं मत, तिचं वागणं नव्हे.

डीएसएमच्या, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या वाटेला तर जाऊच नका. सार्वत्रिक चिंताविकाराला किमान सहा महिने, त्यात बहुतेक दिवस चिंता, आणि सहापैकी तीन लक्षणं लागतात. कादंबरी एका परिच्छेदात तीन वर्षं ओलांडते. बहुतेक दिवस मोजणार कसे?

खानापूर_वाचक
गाईडच्या प्रश्नाला फ्रॉइडपेक्षा समाजशास्त्रज्ञ गॉफमन जास्त उपयोगी पडेल. त्यानं १९६३ मध्ये कलंकाचे दोन प्रकार सांगितले: दिसणारा आणि लपवता येणारा. गळ्यातलं दर्शन, ती लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, दोन्हींच्या मधोमध आहे. पदर वर ओढला की लपते, पदर घसरला की दिसते. म्हणून एसटी स्टँडवर, शाळेत पोराचं नाव घालताना, नवीन भाड्याच्या खोलीत हात गळ्याकडं जातो का, ते बघा. परडी डोक्यावर घेऊन जोगवा मागताना हीच बाई निवांत दिसली तर दचकू नका. तिथं लपवायचं काहीच उरलेलं नसतं, उलट लोक पाया पडतात. चिंता लपवण्याच्या जागी दाटते. जोगतीण इथं सापडेल.

घटप्रभा
हे पटलं, हात गळ्याकडं जाण्याच्या जागा खरंच आहेत. मग अंगात येण्याचं काय करू? आणि रांडाव पुनवेच्या प्रकरणात ती विनाकारण रडते, ते कशात घालू?

मार्कंडेय_काठ
विनाकारण? मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे रांडाव (विधवा) पुनवेला, यल्लमाचा नवरा जमदग्नी मेला म्हणून बांगड्या फोडायच्या, माघात आहेव (सवाष्ण) पुनवेला परत भरायच्या. जिचा नवरा देव, तिला वैधव्य नाही म्हणतात, आणि तिच्याच बांगड्या दरवर्षी फुटतात. आहेव की रांडाव, हे तिला स्वतःला सांगता येत नाही. रडणं तिथलं आहे.

हिस्टेरिया नको. त्या शब्दानं अंगात येणं बाईच्या आतलं दुखणं होऊन बसतं आणि भोवतीची माणसं चित्रातून सुटतात. त्या वेळी ती कुणाला काय बोलली, एवढं उतरवून काढा. एरवी ज्याच्यापुढं मान वर होत नाही त्याला अरे-तुरे करत असेल तर मुद्दा हाती आला: शुद्धीत गिळलेलं देवीच्या तोंडून बाहेर पडतंय, आणि ऐकणाऱ्यालाही ते सोसून घ्यावं लागतंय.

आता माझा आवडता मुद्दा. वाक्यं बघा. मराठीत ती म्हणते, “मला देवाला सोडलं.” कुणी सोडलं? कर्ता गायब, आणि मराठीला तो नसला तरी चालतं. कानडीत तेच ‘देवरिगे बिट्टरु’ होतं. कर्ता तिथंही बोलून दाखवत नाहीत, पण ‘-अरु’ प्रत्ययात ‘त्यांनी’ शिल्लक राहतं. सीमाभागातली पात्रं दोन्ही बोलतात, तेव्हा ती कधी मराठीत सांगते आणि कधी कानडीत वळते याच्या खुणा करा. ‘आयनं सोडलं’, ‘बानं सोडलं’ असं नाव घेऊन किती वेळा म्हणते, तेही मोजा. नाव घेते तिथं राग असतो. घेत नाही तिथं तो राग कुणावर काढायचा तेच ठरत नाही, आणि छातीत धडधड सुरू होते.

लेखकानं कानडी संवाद मराठीत फिरवून घेतले असतील तर मात्र हा मुद्दा बाद. आधी तेवढं तपासा.

निपाणीकर
हे बेस्ट. ताई, पाचवा रकाना वाढवा: वाक्याचा कर्ता. आणि पहिलं प्रकरण फेकू नका, शेवटी न्या.