एक पासवर्ड बदलला की ४० रिपोर्ट बंद, सामाईक डेटा सोर्स कसा लावायचा?

टॉवेल_एमआयएस, सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसवर (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर) ४० रिपोर्ट आहेत: लूमवार उत्पादन, सूत साठा, डिस्पॅच, पगार. प्रत्येकात डेटा सोर्स, म्हणजे डेटाबेसचा पत्ता आणि लॉगिन, आतच भरलेला. पुढच्या महिन्यात डेटाबेस नव्या सर्व्हरवर जातोय. सकाळी ७ ला आपोआप जाणारे रिपोर्टचे मेल चुकायला नकोत.

क्वेरीकाका
वेब पोर्टलवर नवा डेटा सोर्स करा. नाव 'उत्पादन' असं ठेवा. सर्व्हरचं नाव दिलंत तर महिन्याभरात ते खोटं ठरेल. लॉगिन-पासवर्ड सोर्समध्येच साठवा. 'रिपोर्ट बघणाऱ्याच्या लॉगिनने' हा पर्याय निवडलात तर मेल जाणार नाही, सकाळी ७ ला बघणारं कोण असतं? लॉगिनला डीबी डेटारीडर (फक्त वाचायची परवानगी) पुरे, एसए (सर्वाधिकारी लॉगिन) तर मुळीच नको. टेस्ट कनेक्शन दाबून बघा. मग एकेका रिपोर्टच्या मॅनेजमध्ये डेटा सोर्सेस उघडून शेअर्डमध्ये हा नवा सोर्स निवडा, सेव्ह करा. आधी फक्त डिस्पॅचचा एक जोडा, दुसऱ्या दिवशीचा मेल आला की बाकीचे.

मागपेठ
पगार मात्र यात घेऊ नका. रिपोर्ट बनवणारा कोणीही त्याच सोर्सवरून पगाराच्या टेबलावर क्वेरी लिहील. त्याला वेगळं लॉगिन, वेगळा सोर्स, वेगळा फोल्डर, आणि पगाराची टेबलं त्याच डेटाबेसमध्ये असतील तर 'उत्पादन'च्या लॉगिनला ती बंद.
सर्व्हर बदलताना जुना सोर्स डिलीट करून त्याच नावाने नवा करू नका. रिपोर्ट नावाला नाही, आतल्या आयडीला बांधलेला असतो. डिलीट केलात की सगळे तुटतात आणि पुन्हा ४० वेळा जोडत बसा. आहे तोच सोर्स उघडून कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसच्या पत्त्याची ओळ) सर्व्हरचं नाव बदला, एवढंच.
व्हिज्युअल स्टुडिओतून रिपोर्ट सर्व्हरवर चढवताना ओव्हरराइट डेटा सोर्सेस 'फॉल्स'च राहू दे, नाहीतर टेस्ट सर्व्हरचा पत्ता थेट चालू सोर्सवर बसेल. आणि कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून एन्क्रिप्शन कीचा (साठवलेले पासवर्ड उघडणारी किल्ली) बॅकअप आजच घ्या. की गेली तर साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत, सगळे पुन्हा टाकावे लागतात.

टॉवेल_एमआयएस
डिस्पॅच चालला. सूत साठ्याला 'एक्झिक्यूट परमिशन डिनाइड' येतंय. त्यात ३ स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) आहेत.

क्वेरीकाका
डेटारीडर फक्त टेबल आणि व्ह्यू वाचू देतो. त्या तिन्हींवरच एक्झिक्यूट (चालवायची परवानगी) ग्रँट करा. अख्ख्या स्कीमावर (टेबलं-प्रोसिजरचा सगळा गट) दिलंत तर साठा घटवणारी प्रोसिजरसुद्धा रिपोर्टच्या लॉगिनने चालेल, बघा की.