चांदीचा गॅस सेन्सर: मीटर काहीच दाखवत नाही

शलाका_बडोदा: एमएस्सी फिजिक्स, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टला धातूच्या नॅनोकणांचा गॅस सेन्सर घेतलाय. हायड्रोजन ओळखणारं पॅलॅडियम परवडत नाही, म्हणून चांदी, आणि ओळखायचा वायू हायड्रोजन सल्फाइड. सिल्व्हर नायट्रेट-सायट्रेटचं पिवळसर कोलॉइड (पाण्यात तरंगणारे चांदीचे नॅनोकण) जमलं. पीसीबीवर तांब्याच्या कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडवर थेंब वाळवले, तर मल्टिमीटरवर नुसतं ‘ओएल’, म्हणजे रेझिस्टन्स मापाच्या बाहेर. थर वाढवू का?

सर्किटवाला: हायड्रोजन सल्फाइडचा तयार सेन्सर मिळतो, एमक्यू-१३६, तो घे आणि मोकळी हो.

दांडियाबाजारचे_काका: मग प्रोजेक्टमध्ये तिचं काय राहिलं? शिवाय त्यात टिन ऑक्साइड, तोही सतत तापवायचा.

शलाका, थेंब वाळताना कण कडेला जाऊन बसतात, मधे सुटी बेटं राहतात, वर वीज अडवणारं सायट्रेटचं आवरण. थर वाढवून भागेलच असं नाही. आणि तांबंही त्या वायूनं काळं पडतं, मग मोजतेस काय?

मिठाईवरचा वर्ख घे. आधी तुकडा जाळून बघ: चांदीची चकचकीत गोळी होते, ॲल्युमिनियमची करडी राख. काचेवर १ मिमी रुंद, ३० मिमी लांब पट्टी ठेव. जाडी १०० नॅनोमीटर धरली तर रेझिस्टन्स ५ ओहमच्या आसपास. सुरकुत्या-भोकांमुळे थोडा जास्तच. इतक्या कमी ओहमला प्रोबच्या वायरीच घोळ घालतात, म्हणून चार वायरी: दोनमधून १० मिलिअँपिअर सोड, आतल्या दोनवर मिलिव्होल्ट वाच. जोडांवर नेलपॉलिश, म्हणजे तिथे वायू लागणार नाही.

खरी डोकेदुखी तापमानाची. चांदीचा रेझिस्टन्स अंशाला ०.४ टक्क्याच्या जवळपास वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात सकाळ-दुपारमध्ये १५ अंशांचा फरक, म्हणजे ६ टक्के फुकटचे! शेजारी दुसरी पट्टी पूर्ण नेलपॉलिशखाली ठेव, दोघींचा ब्रिज कर, म्हणजे फक्त दोघींतला फरक मोजणारं सर्किट.

एक मात्र रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही: चांदीचं सल्फाइड झालं की ते परत फिरत नाही. म्हणजे हा आत्ता किती वायू आहे ते नाही, तर आतापर्यंत चांदीला एकूण किती वायू लागला ते सांगणारा सेन्सर. पॅलॅडियममधून हायड्रोजन निघून जातो. २००१ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पेनर यांच्या गटानं दाखवलेल्या पॅलॅडियमच्या तारांत बारीक फटी होत्या. हायड्रोजन शिरला की धातू फुगतो, फटी मिटतात आणि रेझिस्टन्स चक्क उतरतो. तुझी पट्टी उलटी: चांदीचं सल्फाइड होत जाईल तसा रेझिस्टन्स चढत जाईल.

हायड्रोजन सल्फाइड बनवायला फेरस सल्फाइडवर ॲसिड ओतू नकोस, तो विषारी आहे. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे वासच येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं संपला वायू. उकडलेल्या अंड्याचा बलक झाकणाच्या बरणीत पुरे.

शलाका_बडोदा: काका, आमच्या घरात अंडं आलं तर आजी मलाच बाहेर काढेल. आणि वर्खाला नॅनो म्हणू देतील का सर?

दांडियाबाजारचे_काका: अंडं लॅबमध्ये उकड ना! नाहीतर रबरबँड ठेव, वेळ लागेल पण चांदी काळवंडते. जाडीचं म्हणशील तर दहा पानं एकदम तोलून सरासरी काढ. १० सेंमी बाजूचं चौकोनी पान १०.५ मिलिग्रॅम भरलं तर बरोबर १०० नॅनोमीटर, साधारण तिथवरच नॅनो म्हणतात. २५ भरलं तर पाव मायक्रॉनच्या जवळ, मग सरांशी वाद घालू नकोस, शीर्षकात ‘पातळ थर’ लिही.