आपल्या शहराची पाच मिनिटं : तुमची गोष्ट कुठे घडली?

परवा रात्री 'पॅरिस, ज तेम' पुन्हा पाहिला. 2006 चा. पॅरिसचे 20 विभाग, त्यांतल्या 18 विभागांच्या 18 छोट्या प्रेमकथा, प्रत्येकीला जेमतेम पाच मिनिटं. सगळ्याच जमल्यात असं नाही. पण शेवटची डोक्यातून जात नाही. अमेरिकेत टपाल वाटणारी एक बाई एकटीच पॅरिसला आलीय आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये आपली सहल सांगतेय. बागेतल्या बाकावर बसून सँडविच खाताना तिला आनंद आणि दुःख एकदमच दाटून येतं. गोष्टीत दुसरं माणूसच नाही. तिचा जीव शहरावर जडलाय आणि शहराचा तिच्यावर.

पुढे न्यूयॉर्कवर असा चित्रपट निघाला. 2022 मध्ये मुंबईवर सहा प्रेमकथांची मालिका आली. मग आपल्या छत्रपती संभाजीनगरवर का नको? बावन्न दरवाजांचं शहर म्हणवतो आपण. दर दरवाजाला एक म्हटली तरी बावन्न गोष्टी होतील. फक्त कॅमेरा थेट बीबी का मकबऱ्यावर जाऊ नये असं मला फार वाटतं. आझमशाहाने आईसाठी बांधलेली ती वास्तू मलाही प्रिय आहे, पण प्रेम काय तिथेच होतं?

एकच अट. गोष्ट अशी सांगा, जी या शहराशिवाय घडलीच नसती. स्वतःची सांगा, नाहीतर अगदी जवळून पाहिलेली. नावं नकोत. आलेल्यांतल्या काही गोष्टी खाली दिल्यात.

सिडको, एन-अकरा

आमची गोष्ट नळाच्या पाण्याने जुळवली. खरंच सांगतो. 2014 साल. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने, खाली मालकांचं कुटुंब. पाणी आठवड्यातून एकदा, तेही रात्री दोनला येईल नाहीतर चारला. खालच्या हौदात आधी पडायचं, तिथून मालकांच्या मोटरला नळी लावून आमचे ड्रम भरायचे. नळी जरा सैल होती. तिच्या तोंडाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून दाबून धरावी लागायची, नाहीतर निम्मं पाणी अंगणात. चिंधी धरायला मी आणि हौदावर टॉर्च घेऊन मालकांची मुलगी.

पहिले दोन महिने "भरला का?" आणि "बंद करू का?" यापलीकडे आमचं बोलणंच नव्हतं. मग तिने नंबर घेतला. म्हणाली, पाणी आलं की कळवत जाते, तुम्ही कशाला जागता. त्या रात्रीपासून तिचा एकाच शब्दाचा मेसेज यायचा : "आलं." मी विचारायचो, "आलं?" ती म्हणायची, "अजून नाही." कुणी फोन हातात घेतला असता तरी काही सापडलं नसतं. पण पाणी यायच्या आदल्या रात्रीसुद्धा मी "आलं?" विचारायला लागलो आणि ती पहाटेपर्यंत "अजून नाही" म्हणत राहिली, तेव्हा दोघांनाही कळलं.

लग्नाला आता आठ वर्षं झाली. टाकी मोठी घेतलीय, स्वतःची मोटर आहे. तरी पाण्याच्या रात्री आम्ही दोघंही उठतो. ती चिंधी मी अजून ठेवलीय.

वाळूज

छोटीच आहे. मी एका कंपनीत पहिल्या पाळीत, हे दुसऱ्या कंपनीत दुसऱ्या पाळीत. माझी सुट्टी अडीचला, त्यांची ड्युटी साडेतीनला. लेकरं सासूबाईंकडे. दिवसभरात आमची भेट नगर नाक्याजवळ व्हायची, म्हणजे दोन बस एकमेकींना ओलांडायच्या तेवढीच. मी कायम डाव्या खिडकीत बसायचे. नंतर कळलं, त्यांची बसायची जागा उजवी होती. वाहनं डाव्या बाजूने चालतात, हे मला सुचलंच नव्हतं. मग मी उजवीकडे बसायला लागले.

बेगमपुरा

या प्रकारच्या चित्रपटांबद्दल माझं एक म्हणणं आहे. पाच मिनिटांत प्रेम जमताना दाखवायला गेलं की ते खोटं वाटतं. आधीच जमलेलं, मुरलेलं दाखवलं तर पाच मिनिटं पुरतात. 'न्यूयॉर्क, आय लव्ह यू'मध्ये एक म्हातारं जोडपं आहे. लग्नाचा 63 वा वाढदिवस, आणि दोघं वाटभर कुरबुरत समुद्रापर्यंत चालत जातात. एवढंच. ते बघताना मला माझे आजी-आजोबा दिसले. दर शनिवारी घरापासून गुलमंडीच्या सुपारी मारुतीपर्यंत पायी जायचे. आजोबा दहा पावलं पुढे, आजी मागे, आणि "आवं, जरा दमानं!" हे तिचं वाक्य दर चौकात. आजी गेल्यावरही आजोबा जायचे. सावकाश जायचे. मध्येच थांबून मागे बघायचे.

विद्यापीठ परिसर

चौदा जानेवारी. 1994 मध्ये याच दिवशी मोठ्या लढ्यानंतर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. तेव्हापासून या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर गावोगावची माणसं लोटतात. मी तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर बसायचो. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावातून एक मुलगी घरच्यांसोबत टेम्पोतून यायची. पहिल्या वर्षी एक पुस्तक घेतलं आणि विचारलं, "पिशवी ठेवू का इथं संध्याकाळपर्यंत?" दुसऱ्या वर्षी परत पिशवी. तिसऱ्या वर्षी पिशवीत माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा. वर्षभरातली आमची भेट ही एवढीच. फोन नंबर कधी मागितला नाही, वाटलं आहेच की पुढच्या वर्षी.

चौथ्या वर्षी तिचा धाकटा भाऊ आला. पिशवी ठेवू का म्हणाला. मी ठेवून घेतली. ताईचं लग्न झालं हे त्याने न विचारता सांगितलं. मी त्याला एक पुस्तक दिलं, पैसे घेतले नाहीत. आताही चौदा जानेवारीला मी स्टॉलवर असतो.

निवृत्त शिक्षिका, मूळ उदगीर

तुमच्या त्या टपालवाल्या बाईसाठी लिहिते आहे. लग्न केलं नाही. 31 वर्षं या शहरात शिकवलं. औरंगाबाद म्हणायची सवय आहे, चालवून घ्या. रविवारी सकाळी पाणचक्कीला जाते. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं ते पाणी भिंतीवरून हौदात पडतं, तिथे वडाखाली बसते आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू खाते. मला तिथे कुणाची वाट बघायची नसते. मध्ये आजारपणात तीन रविवार गेले नाही. चौथ्या रविवारी दारावरचा माणूस म्हणाला, "मॅडम, कहां थे आप? बोलके तो जाना." त्या दिवशी लाडूचा अर्धा भाग मी त्याला दिला.

जालना जिल्हा, अंबड तालुका

आम्ही या शहरात राहत नाही. आमच्यासाठी हे शहर म्हणजे घाटी दवाखाना. आई तिथे 22 दिवस होती. सगळ्या मराठवाड्यातून आलेले नातेवाईक आवारात सतरंज्या टाकून झोपतात, त्यांतलेच आमचे दादा, म्हणजे वडील. घरी कधी हाताने पाण्याचा तांब्या न घेतलेला माणूस. एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर दादा आईचे केस विंचरत होते. फणी नवी, बाहेरच्या टपरीवरची, हिरवी. आधी टोकाचा गुंता, मग वर, अगदी बैलाच्या दाव्याची गाठ सोडवावी तसं हळूहळू. भांग भलत्याच बाजूला पडला होता. मी म्हटलं, "आई, थांब, नीट करून देते."

आई म्हणाली, "राहू दे. त्यांनी पाडलाय."

दादांनी फणी सदऱ्याला पुसली आणि खिशात ठेवली. घरी आल्यावर आई बरी झाली, स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली. भांग मात्र अजून त्याच बाजूला पाडते.